राजगड ते तोरणा, सुतळीच्या भरवशावर

रविवारी सिंहगडावर दही खाताना कुणीतरी नैऋत्येकडं बोट करून पाहुण्यांना सांगतंच, "तो राजगड, आणि त्याच्या उजवीकडं तोरणा." वीस वर्षं मीही हेच सांगत आलोय. दोन्ही गड वेगवेगळे किती वेळा झाले त्याची मोजदाद नाही, पण त्यांना जोडणारी धार राहूनच गेली होती. डिसेंबरात भाच्याची परीक्षा संपली आणि तो म्हणाला, "मामा, एका दिवसात दोन्ही?" नाही म्हणायची लाज वाटली.

पुण्याहून पहाटे साडेतीनला निघालो. नसरापूर, मार्गासनी, साखर करत गुंजवणे. गाडी तिथं लावली आणि परत कसं यायचं हा प्रश्न संध्याकाळवर ढकलला. बॅटरीच्या उजेडात चढायला लागलो. चोर दरवाजाच्या रेलिंगला हात लावला तर बर्फासारखं गार. पद्मावती माचीवर पोचलो तेव्हा तळ्यावर धुकं होतं आणि एका झापात चूल नुकतीच पेटली होती. "दहा मिनिटं थांबा, भाकरी टाकते," मावशी म्हणाल्या. दहाची पंचवीस झाली. पण ताव्यावरून थेट हातात आलेली भाकरी आणि पिठलं याच्यापुढं घड्याळ कोण बघतं!

बालेकिल्ला टाळावा, वेळ वाचेल, असं माझं मत होतं. "बालेकिल्ल्याशिवाय राजगड म्हणजे काय मामा!" असं म्हणून भाचा सुटलासुद्धा. बरं झालं. वरून सिंहगडाचा टॉवर, पुरंदर-वज्रगडाची जोडी आणि पश्चिमेला आडवातिडवा पसरलेला तोरणा, सगळं स्वच्छ दिसत होतं. तोरणा इतका जवळ वाटत होता की भाचा म्हणाला, "दोन तासांत पोचू." मी काही बोललो नाही. मलाही तसंच वाटत होतं.

इतिहासाच्या हिशोबानं आम्ही उलटे चाललो होतो. तोरणा आधी स्वराज्यात आला. त्याच्या डागडुजीत धन सापडलं आणि ते मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधायला लागलं, असं सांगतात. 1665 च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी 23 किल्ले दिले आणि 12 ठेवले. ठेवलेल्यांत हे दोन्ही होते. 2025 साली युनेस्कोच्या यादीत 12 किल्ले गेले, त्यात राजगड आहे, तोरणा नाही. निकष काय असतील ते असोत, मला ते पटलेलं नाही.

संजीवनी माचीची चिलखती तटबंदी, म्हणजे एका तटाबाहेर दुसरा तट आणि मधे माणूस जेमतेम मावेल अशी फट, बघत बघत अळू दरवाजाशी आलो. खाली उतरायला लागलो आणि माझ्या उजव्या बुटानं जबडा वासला. तीन वर्षं माळ्यावर पडून होता. वरून नवाकोरा दिसत होता, पण आत सोल भुगा झालेला. पहिल्या घसाऱ्यावरच टाचेपासून सुटला. भाच्यानं बॅगेचा पट्टा काढून बांधला, तो शंभर पावलांत निघाला. मग मोजा बुटावरून चढवला. वाळलेल्या गवतातून तसं चालताना त्या मोज्यात इतकी कुसळं घुसली की पाय साळिंदरासारखा दिसायला लागला.

ही मधली धार फोटोत कधी कुणी दाखवत नाही, कारण दाखवण्यासारखं काही नाही. एक टेकाड चढायचं, उतरायचं, पुढचं चढायचं. मधेच कारवीचं रान, तेवढीच सावली. प्रत्येक टेकाडावरून तोरणा तेवढाच लांब. साडेबाराला डांबरी रस्ता आडवा आला. इथून वेल्ह्याला निघून जाता येईल, हा विचार आम्हा दोघांच्याही मनात आला आणि दोघंही गप्प राहिलो.

रस्ता ओलांडून वर गेल्यावर एक घर लागलं. आजींनी ताक दिलं आणि माझ्या पायाकडं बघून न विचारताच आत गेल्या. बाहेर आल्या त्या सुतळीचं भेंडोळं घेऊन. "खालून नको गुंडाळू, घासून तुटंल. बोटांपाशी गाठ मार आन् घोट्याला फिरव." मला जमेना, तसं त्यांनी स्वतः खाली बसून बांधून दिली, बैलाच्या गळ्यातली दोरी बांधावी तशी, दोन झटक्यांत. ताकाचे पैसे घेतले. सुतळीचे घ्या म्हटलं तर हसल्या.

ती सुतळी रडतोंडी बुरजाच्या कातळावरही सुटली नाही. तिथली शिडी चढताना बुरजाचं नाव कसं पडलं असेल ते कळतं. वर आलं की बुधला माची. तेलाचा बुधला उपडा ठेवल्यासारखा सुळका शेजारी, आणि मागं वळून पाहिलं तर राजगड पार निळा पडलेला. तिथून आपण सकाळी निघालो यावर विश्वास बसेना. कोकण दरवाजातून आत शिरून मेंगाईच्या देवळात टेकलो तेव्हा पावणेपाच. दोघांत मिळून अर्धा लिटर पाणी उरलं होतं. निघताना सात होतं. 1403 मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच गड. भाचा फोटो काढायचाही विसरला. देवळाच्या भिंतीला पाठ लावून तो चक्क झोपला.

बिनी दरवाजातून उतरताना अंधार पडला. वेल्ह्यात एसटी नव्हती. एका जीपवाल्याला गुंजवण्यापर्यंत सोडायला सांगितलं.

"राजगडावरून आलात? चालत?" त्यानं आरशातून बघितलं.

"हो."

पाऊण तासात त्यानं आम्हाला गाडीपाशी उतरवलं. पैसे देताना त्याची नजर माझ्या बुटावर गेली. "गाठ डोंगरावरची दिसतीय," म्हणाला आणि जीप वळवली.