तुम्ही विचारलंत म्हणून: ‘रिमूव्ह’ला मराठीत काय म्हणायचं?

मी भाषांतराची कामं करते म्हणून असेल, पण दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतंच, "अगं, रिमूव्हला नेमका शब्द कोणता, हटवणे, काढणे की वगळणे?" आता तुम्हीही विचारलंत, तर एकदाच लिहून टाकते.

एकच शब्द नाहीये. आधी काय काढायचंय ते सांगा. यादीतलं नाव वगळतात, फळ्यावरचं पुसतात, वहीतलं खोडतात, तण उपटतात, गाळ उपसतात, शिवण उसवतात, तळाला लागलेलं खरवडतात, धूळ झटकतात. ती गोष्ट कशी चिकटून बसलीये त्यावर क्रियापद ठरतं, म्हणून जिथे तिथे ‘हटवा’ दिसलं की मला खटकतं. अतिक्रमण हटवतात, ठीक आहे, पण शर्टावरचा डाग कोण हटवतं हो?

यातलं काहीच सुचलं नाही तर काढणे आहेच, पण तो पठ्ठ्या भलताच आहे. काटा काढतात तसं चित्रही काढतात, कुणाला कामावरून काढतात आणि नवीन दुकानही काढतात, कर्ज काढतात, आधी खोडी काढतात मग समजूत काढतात. प्राकृतात ‘कड्ढ’ म्हणजे ओढणं, हा त्यातला. म्हणजे आतलं ओढून बाहेर आणायचं, मग ते फेकायचं की मिरवायचं हे तो सांगतच नाही. रेघ ओढली काय नि काढली काय, सारखंच. (प्यायचा काढा मात्र यातला नाही, तो ‘क्वाथ’वरून आलाय.)

सांगतं ते पुढचं क्रियापद. काढून टाक, काढून ठेव, काढून घे, काढून दे, चारही वेगळं. आईचा फोन भरला होता, बहीण तिच्याजवळ होती, मी घाईत मेसेज केला, "जुने फोटो काढ". मला म्हणायचं होतं लॅपटॉपवर काढून ठेव, तिने काढून टाकले. दोन वर्षांचे! वर मलाच म्हणते, तूच म्हणालीस ना काढ म्हणून.

तेव्हापासून मी अ‍ॅपमधल्या ‘रिमूव्ह’च्या बटणावर पूर्ण ‘काढून टाका’ लिहिते. क्लायंट म्हणतात, मॅडम, बटणात बसत नाही. मग अक्षर बारीक करा म्हणावं.