देवगांडूळ आणि मामाची कुदळ

चवथीला मी दरवर्षी आजोळी जाते, केरीला. म्हणजे गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं केरी, समुद्राकडचं नव्हे, चोर्ला घाटाच्या पायथ्याचं, अंजुणे धरणाजवळचं. दोन वर्षांपूर्वी तिथे जे बघितलं ते कधीपासून लिहायचं होतं.

माटोळीचं, म्हणजे गणपतीवर बांधायच्या रानफळांच्या मांडवीचं, सामान आणून झालं होतं, कांगलां, कवंडळ, माट्टीची फळं सगळं ओसरीवर पसरलेलं, आणि मामा कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळींच्या मधला पाट मोकळा करत होता. कुदळीच्या तिसऱ्या चौथ्या घावाला मातीचं ढेकूळ उलटलं आणि त्यातून काहीतरी वळवळत बाहेर आलं. मामा ओरडला, "मागे हो गो, सर्प!" आणि कुदळ उचलली. मी त्याचा हातच धरला.

वीतभर लांब, करंगळीपेक्षा बारीक, अंगावर गांडुळासारखी वळी, पण ओलं आणि तुळतुळीत. डोळे दिसतच नाहीत. तोंड मात्र आहे, जबडा आहे, म्हणजे गांडूळ नाही, आणि अंगावर सापासारखे खवले नाहीत, जीभ लवलवत नाही. ते देवगांडूळ होतं, बेडकाच्या नात्यातला बिनपायाचा उभयचर प्राणी. यांच्यातल्या काही जातींचे डोळे कवटीच्या हाडाखाली झाकलेले असतात, मग नाकाजवळ दोन्ही बाजूंना एकेक बारीकसा स्पर्शक असतो त्याने माती चाचपत जातात, गांडुळं आणि वाळवी खातात, विष वगैरे टोचत नाहीत. बागायतदाराचं यात नुकसान काहीच नाही, उलट माती भुसभुशीत होते.

मामाला मी सांगितलं की २००७ साली शास्त्रज्ञांनी देवगांडुळाची एक नवीन जात जगाला सांगितली, गेगेनिओफिस गोएन्सिस, आणि तिचा पहिला नमुना याच केरीचा, आपल्या गावचा. त्याच वर्षी चोर्ल्याच्या बाजूची दुसरी जात नोंदवली तिला म्हादई नदीचं नाव दिलं. मामा कुदळ टेकवून नुसता बघत राहिला. त्या दिवशीचं ते नेमकं गोएन्सिसच होतं असं मी म्हणणार नाही, या जाती एकमेकींसारख्या दिसतात, वरवर बघून ओळखता येत नाहीत. पण पश्चिम घाटातली बहुतेक देवगांडुळं पश्चिम घाट सोडून जगात कुठेच सापडत नाहीत, आणि काहींचा पत्ता तर दोन चार गावांपुरताच आहे, हे त्याला पटलं.

मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. वाघासाठी आपण बोलतो, बोलायलाच हवं, २०२० च्या जानेवारीत इथल्या म्हादई अभयारण्यात गोळावलीला चार वाघ मेले तेव्हा आम्ही सगळे हादरलो होतो. पण म्हादई अभयारण्याची हद्द कागदावर जिथे संपते तिथे देवगांडूळ थांबत नाही, ते कुळागरात राहतं, पाटाच्या काठाला, पाचोळ्याखाली. त्याचा श्वाससुद्धा बराचसा ओल्या कातडीतूनच चालतो, त्यामुळे गवत मारायचं औषध फवारलं की ते थेट अंगात मुरणार. काजूच्या बागेत पाचोळा जाळला, माती सुकली, की संपलं, ते पळून जाऊन जाणार कुठे? २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईच्या डोंगरांत दिवसेंदिवस वणवे चालले होते, तेव्हा बातम्यांत झाडं दिसत होती, जमिनीखालचं कोणी मोजलं नसेल. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा ठरल्या त्यात गोव्याची एकही नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आपल्या सत्तरीतल्या बांबर गावच्या निरंकाराच्या देवराईत रानटी जायफळाची झाडं दलदलीत गुडघ्यासारखी मुळं वर काढून उभी आहेत, ती देवाची म्हणून कोणी हात लावला नाही म्हणून टिकली. कुळागराच्या मातीला असा कुठला देव नाही, तिला मामाच.

त्याने त्या दिवशी ते ढेकूळ हाताने उचलून अलगद माडाच्या बुंध्याशी ओलाव्यात ठेवलं, वर केळीचं सोप टाकलं. फवारणी पाटाच्या दोन्ही बाजूंनी बंद केलीय, तिथलं गवत कोयत्याने कापतो, गड्याचे दोन दिवस जास्त जातात, मामी कुरकुरते.

गेल्या जुलैत व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो आला. ओली माती, त्यावर देवगांडूळ, आणि किती लांब ते कळावं म्हणून शेजारी ओळीने ठेवलेल्या पाच सुपाऱ्या. खाली लिहिलेलं, "पाटाकडेच सोडलंय."