निष्ठा वॅट-तासांत मोजा

विज्ञानकथेतला निष्ठावान सैनिकी रोबो बहुतेक वेळा एकाच पद्धतीने मरतो. जवानाच्या पुढ्यात उडी घेतो, गोळ्या झेलतो, डोळ्यांतला दिवा मंद होत जातो आणि "माझं काम झालं, साहेब" म्हणून गप्प होतो. वाचक पान उलटतो, कारण त्या यंत्राकडे काय होतं आणि त्यातलं त्याने काय दिलं, हे लेखकाने आधी सांगितलेलंच नसतं. माणसाबद्दल लिहिताना आपण त्याचं घर, म्हातारी आई, मंजूर झालेली रजा उभी करतो. मग तो मागे थांबतो तेव्हा गलबलून येतं. यंत्राकडे घर नसतं, बॅटरी असते. म्हणून पहिलं वाक्य लिहिण्याआधी तुमच्या रोबोचा वॅट-तासांचा (एक वॅट तासभर वापरला की एक वॅट-तास) हिशोब कागदावर मांडा, असं मी प्रत्येक नव्या लेखकाला सांगेन. निष्ठा त्या हिशोबातून आपोआप दिसते.

उदाहरणासाठी आपल्या जवळची जागा घेऊ. ऐरोलीच्या बाजूने ठाणे खाडीत शिरलेला खाजणाचा बांध, पलीकडे खारफुटी, अमावस्येची संध्याकाळ. शत्रूचं पाडलेलं ड्रोन शोधायला दहा जणांचं एक सेक्शन निघालंय आणि सोबत चार पायांचा रोबो आहे. जग भविष्यातलं असू द्या, चिखल आजचाच ठेवा.

आधी यंत्र. वजन ५० किलो, प्रत्येक पायाला तीन मोटर म्हणजे एकूण बारा. बॅटरी साध्या दंडगोल लिथियम सेलची, १८६५० म्हणतात त्या मापाची. एक सेल ३.६ व्होल्टचा, ३ अँपिअर-तासांचा, वजनाला सुमारे ४८ ग्रॅम. १४ सेल ओळीत आणि अशा आठ ओळी समांतर जोडल्या की ११२ सेल होतात, साधारण १२०० वॅट-तास. नुसत्या सेलचं वजन साडेपाच किलोच्या आत राहतं, पण पेटी, तारा आणि सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट धरून आठ किलो पकडा. हे आठ किलो पुढे कुणाच्या तरी पाठीवर येणार आहेत.

पेट्रोल इंजिन का नको? ते खरोखर करून पाहिलं गेलंय. अमेरिकेत एलएस-३ नावाचं चार पायांचं यंत्र १८० किलोच्या आसपास ओझं वाहायचं. मरीन सैनिकांनी ते चाचण्यांत वापरलं आणि २०१५ च्या अखेरीस बाजूला ठेवलं. इंजिनाचा आवाज इतका की सेक्शन कुठे आहे ते शत्रूला आधीच कळलं असतं. आपल्याकडे पुण्यात खडकीला १५ जानेवारी २०२५ च्या सेनादिन संचलनात चाललेली रोबोटिक खेचरं बॅटरीवरचीच.

आता खर्च. खाली दिलेले आकडे कथेपुरते आहेत, पण या वजनाच्या यंत्राला शोभणारे आहेत. सपाट बांधावर सेकंदाला १ मीटर वेगाने चालताना ४०० वॅट. चिखलात वेग सेकंदाला ०.३ मीटरवर येतो आणि खर्च ७०० वॅटवर जातो. जागेवर उभं राहायला १५० वॅट. पोटावर बसून फक्त संगणक, कॅमेरे आणि रेडिओ चालू ठेवले तर ४० वॅट.

उभं राहायला दीडशे वॅट कशाला, हा प्रश्न हटकून येतो. चार पायांचं यंत्र गुडघे वाकवून उभं असतं. टेबलासारखं वजन लाकडावर टाकून मोकळं होणं त्याला जमत नाही, मोटरला सतत जोर धरून ठेवावा लागतो. हालचाल शून्य असली तरी प्रवाह वाहतो, आणि तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सांध्यांना ब्रेक बसवले तर हा खर्च उतरतो, पण खाडीच्या चिखलात प्रत्येक पाय मिनिटामिनिटाला थोडा थोडा खचत असतो, तोल सारखा सावरावा लागतो, त्यामुळे ब्रेक लावून निवांत होता येत नाही. उभं राहणं हेच यंत्राचं कष्टाचं काम आहे, हे ज्या लेखकाला कळलं त्याला अर्धी कथा मिळाली.

मांडा हिशोब. १२०० पैकी १२० वॅट-तास राखीव, उरले १०८०. बांधावरचे ३ किलोमीटर म्हणजे ५० मिनिटं, खर्च ३३३. पुढचे २०० मीटर चिखल, ११ मिनिटं, खर्च १३०. पोचेपर्यंत ४६३ गेले, हातात ६१७ राहिले. परतीला पुन्हा ४६३ लागणार. म्हणजे मोकळे फक्त १५४. बसून काढले तर पावणेचार तासांहून जरा जास्त, उभ्याने काढले तर जेमतेम एक तास.

आता खाडी. कोळीवाड्यात किंवा आगरी घरात ज्यांचं बालपण गेलं त्यांना तिथीचा आडाखा माहीत असतो: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अमावस्येला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. खाडीत आत पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो. भरती ते ओहोटी सव्वासहा तासांच्या आतबाहेर, म्हणून संध्याकाळी पाचच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. शिवाय अमावस्या म्हणजे उधाण. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे सर्वांत कमी भरतीला, पाणी इतकं चढत नाही. कथेत तारीख घालायची असेल तर आधी पंचांग बघा. अष्टमीच्या मध्यरात्री उधाण आणलेली कथा खाडीकाठचा वाचक तिथेच बंद करतो.

सेक्शन साडेपाचला निघतं, साडेसहाला पोचतं. पोचताच एक जवान जखमी होतो, बांधाच्या तुटलेल्या तुकड्यावर, चारी बाजूंनी चिखल. स्ट्रेचर त्या चिखलातून निघत नाही. होडीच हवी, आणि होडी खाडीच्या फाट्यात पाणी भरल्याशिवाय आत येऊ शकत नाही, म्हणजे साडेदहाच्या आधी नाही. जे पाणी होडी आणणार तेच पाणी रोबोला बुडवणार. अशी गाठ जागेनेच घालून दिलेली असली की लेखकाला खलनायक शोधावा लागत नाही.

रोबो बसला तर त्याची अँटेना चिखलापासून वीतभर उंच, ओल्या तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या गर्दीत, तिथून संदेश बाहेर पडत नाही. उभा राहिला तर ती ७० सेंटीमीटरवर जाते आणि फाट्याच्या तोंडाशी असलेल्या होडीला दिशा मिळते. लांब होणारी अँटेना का नाही, असं वाचक विचारेल. असू द्या, पण खाऱ्या पाण्याने तिच्या नळ्या आधीच जाम झालेल्या दाखवा. मोडण्याचं कारण यंत्रातच असावं, योगायोगात नसावं.

साडेसहा ते साडेदहा, चार तास, दीडशे वॅट: ६००. शिल्लक ६१७. होडी येईल तेव्हा रोबोकडे १७ वॅट-तास असतील, चिखलात दीड मिनिट चालण्याइतके. उभं राहून पहिला तास सरला की परतीची वाट बंद झाली, हे त्याला माहीत असतं. तो काहीच बोलत नाही, नुसता उभा राहतो. मला हा प्रसंग गोळ्या झेलण्यापेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

त्या राखीव १२० चं काय? तेही खर्च करता येतात, पण सेलचं आयुष्य घटतं. सेल २.५ व्होल्टच्याही बराच खाली ओढला की आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि असा सेल पुन्हा चार्ज करणं आगीला आमंत्रण असतं. तिथवर गेलेली बॅटरी फेकूनच द्यावी लागते.

पायांकडे बहुतेक लेखक लक्षच देत नाहीत. पाच सेंटीमीटर व्यासाचा रबरी गोळा हा चार पायांच्या यंत्रांचा नेहमीचा तळवा. चालताना एका वेळी दोनच पाय टेकलेले असतात, म्हणजे ५० किलो वजन ३९ चौरस सेंटीमीटरवर, दर चौरस सेंटीमीटरला सव्वा किलोहून जास्त. शस्त्रसामानासकट १०० किलोचा जवान एका बुटावर उभा असला तरी हा आकडा अर्ध्या किलोच्या जवळपास राहतो. निम्म्या वजनाचं यंत्र माणसापेक्षा खोल रुततं ते यामुळे. तळवा १५ सेंटीमीटरचा केला की दाब दीडशे ग्रॅमच्या खाली येतो, पण मग दुसरं संकट उभं राहतं. रुंद तळवा उचलताना खाली पोकळी तयार होते आणि चिखल त्याला परत ओढतो. उपाय बदकाच्या पायासारखा: टेकताना पसरणारा, उचलताना साध्या बिजागरीवर मिटणारा. वेगळी मोटर लागत नाही. बिजागरीत शंखाचा तुकडा अडकला की तो पाय मिटत नाही आणि चालीत लंगड येते. दहा जणांना अंधारात आवाजावरून कळतं, मागचा डावा अडकलाय.

तिवराची श्वसनमुळं पेन्सिलीसारखी चिखलातून वर आलेली असतात. लेझरने अंतर मोजणाऱ्या यंत्राला ते खिळ्यांचं अंथरूण दिसतं, आणि पाय ठेवायला सुरक्षित जागा सापडत नाही म्हणून ते जागीच अडतं. जोराच्या पावसात थेंबही अडथळे म्हणून मोजले जातात. इथे एखादा जवान पुढे चालून वाट दाखवतो आणि रोबो त्याच्या पावलांच्या खुणांत पाय ठेवतो, असं लिहा. निष्ठेची देवाणघेवाण सुरू होते ती इथून.

निष्ठा कुणाशी, हे कथेत संदिग्ध चालेल. तुमच्या वहीत ते पक्कं हवं. हुकमांची उतरंड लिहून ठेवा: सर्वांत वर सेक्शन कमांडर हवालदाराचा चालू हुकूम, तो पडला तर नाईक, मग लान्स नाईक. संपर्क तुटला तर काय करायचं, म्हणजे थांबायचं, परतायचं की काम चालू ठेवायचं, ते मोहिमेआधी भरलेलं असतं. हुकूम देणारा खरा आहे हे रोबो आवाजावरून ओळखत असेल तर पावसात फसेल, आणि खिशातल्या बिल्ल्यावरून ओळखत असेल तर बिल्ला शत्रूच्या हाती पडताच फसेल. दोन्ही लागू द्या आणि दर काही मिनिटांनी नव्याने खातरजमा करू द्या. आमच्या प्रसंगात हवालदार सात वाजता म्हणतो, "सात नंबर, परत फिर." रोबो उत्तरतो, "उस्ताद, जखमीला सोडू नको हा साहेबांचा कायम हुकूम आहे. तो रद्द करायचा का?" हवालदार काही बोलत नाही. हे बंड नाही, उतरंडीतलीच एक ओळ आहे (चालू हुकूम कायम हुकमाशी अडला तर आधी विचार), पण प्रश्न विचारून रोबोने निर्णयाचं ओझं माणसाच्या खांद्यावर ठेवलं. संबोधनंही तपासा. जेसीओला, म्हणजे सुभेदारासारख्या कनिष्ठ अधिकाऱ्याला 'साहेब', हवालदाराला 'उस्ताद', आणि शिपाई रोबोला अरे-तुरेच करणार. 'वाघ्या' हे नाव मी टाळेन. त्या नावाबरोबर रायगडावरच्या कुत्र्याची दंतकथा येते आणि रोबोने काही करायच्या आधीच वाचक त्याची निष्ठा गृहीत धरतो.

शस्त्र देऊ नका, निदान पहिल्या कथेत तरी. बंदूक आली की चर्चा तिच्याभोवतीच फिरते.

माणसं यंत्रात जीव गुंतवतात हे पटवायला फार खटपट लागत नाही. रोबो बनवणारे संशोधक मार्क टिल्डन यांनी सुरुंग निकामी करणारं, काडीकिड्यासारखं अनेक पायांचं यंत्र बनवलं होतं. अमेरिकेतल्या युमाच्या मैदानावर चाचणीत ते एकेक सुरुंग उडवत, एकेक पाय गमावत पुढे सरकत राहिलं, अगदी ठरल्याप्रमाणे. चाचणीचे प्रमुख असलेल्या कर्नलने ती थांबवली. हे अमानुष आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. तिथे यंत्र बोललं नव्हतं, त्याला चेहराही नव्हता. फक्त काहीतरी संपत चाललेलं डोळ्यांना दिसत होतं.

आता आपल्या कथेचा शेवट. होडीत जखमी, दोन जवान आणि वल्हवणारा एवढंच मावतं. रोबो तिथेच पोटावर बसतो. पाणी चढतं. आयपी-६७ हा पाणी आत न शिरण्याचा दर्जा म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं, आणि इथे तर तासन् तास. पहाटे साडेपाचला पुन्हा ओहोटी, तेव्हा नाईक आठ किलोची नवी बॅटरी पाठीवर घेऊन बांधावरून तीन किलोमीटर येतो. इथे लेखक हमखास चूक करतात: बॅटरी लावतात, दिवा पेटतो, वाचक टाळ्या वाजवतो. खारं पाणी आत असताना वीज जोडली तर सर्किटवरचं तांबं काही मिनिटांत हिरवं पडून खाल्लं जातं. आधी जुनी बॅटरी काढायची, झाकणं उघडायची आणि गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढायचं. मग पूर्ण वाळवायचं, एक-दोन दिवस, आणि नंतरच वीज. नाईक बॅटरी बांधावर ठेवतो, आपली एक लिटरची पाण्याची बाटली उघडतो आणि मागच्या डाव्या गुडघ्यापासून धुवायला लागतो.