लाल भाताचा नरवंध्य वाण घडवताना

भाताच्या एकाच फुलात सहा पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र असतात आणि फूल उमलता उमलताच परागसिंचन होऊन जाते. त्यामुळे संकरित बियाणे शेतभर तयार करायचे असेल, तर ज्याचे स्वतःचे पराग निकामी आहेत असा, म्हणजे नरवंध्य, मातृवाण हाताशी असावा लागतो. १९७० साली चीनच्या हैनान बेटावर भातशास्त्रज्ञ युआन लाँगपिंग यांच्या सहकाऱ्यांना रानटी भाताचे असे एक रोप सापडले आणि पुढे त्याच्याच कोशिकाद्रव्यावर, म्हणजे पेशीतील केंद्रकाबाहेरच्या, आईकडून संततीत जाणाऱ्या भागावर, संकरित भाताची उभारणी झाली. आपल्याकडे आयआर ५८०२५ ए हा त्या कुळातला नरवंध्य वाण फार वापरला गेला. कर्जतचा ‘सह्याद्री’ आणि कर्नाटकाचा ‘केआरएच-२’ हे दोन्ही संकर त्याच्यापासूनच झाले.

या वाणाचा दाणा मात्र बारीक व पांढरा असून भात किंचित चिकट होतो, आणि उकड्या तांदळाच्या पेजेवर वाढलेल्या गोमंतकीयाला जाड, लालसर दाणा हवा असतो. लाल रंग हा प्रभावी गुण असल्याने तो एका पालकाकडून आला तरी चालतो, परंतु दाण्याचा जाडपणा टिकवायचा तर दोन्ही पालक त्या जातीचे हवेत. म्हणून गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातील एका संशोधन प्रक्षेत्रावर काम करताना मी जाड लाल दाण्याच्या एका स्थानिक निवडीचे (स्थानिक भातातून निवडून घेतलेल्या वाणाचे) नरवंध्य रूप तयार करण्याचे काम हाती घेतले.

पहिली पायरी चाचणी-संकराची होती. आयआर ५८०२५ ए वर आमच्या अनेक स्थानिक भातांचे पराग टाकून त्यांची संतती वाढवली. ज्या भाताची संतती सुपीक निघाली, त्यात सुपीकता परत आणणारी जनुके आहेत असे समजून तो बाजूला ठेवला; तो पुढे पितृवाण म्हणून उपयोगी पडू शकतो. ज्याची सगळी संतती वंध्य निघाली, तोच वंध्यत्व राखणारा, म्हणजे आमच्या कामाचा. त्या वंध्य रोपांवर पुन्हा त्याच स्थानिक निवडीचे पराग, त्यांच्या संततीवर पुन्हा तेच, असे सहा प्रतीप-संकर (त्याच पालकाशी पुन्हा केलेले संकर) केले की मूळ निवडीचे सुमारे ९९ टक्के गुण त्या परक्या कोशिकाद्रव्यात येऊन बसतात. गोव्यात पावसाळी सरद आणि हिवाळी वायंगण अशी भाताची दोन पिके घेता येत असल्यामुळे वर्षात दोन पिढ्या पुढे जाता आले.

प्रत्येक पिढीत खरी कसोटी होती ती वंध्यत्वाच्या तपासणीची. फुले उमलण्याआधी सकाळीच कणसातील फुले काढून परागकोश काचपट्टीवर चिरडायचे, आयोडीनचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. सुपीक पराग गोल आणि काळेभोर दिसतात, तर वंध्य पराग चिंबलेले व फिकट राहतात. एखाद्या रोपात काळे पराग तुरळक दिसले तरी ते रोप मी काढून टाकत असे, मग त्याचा दाणा कितीही सुरेख असो, कारण थोडीशी सुपीकताही पुढे बियाण्याची शुद्धता बिघडवते. शिवाय काही कणसांवर कागदी पिशव्या चढवून त्यात एकही दाणा भरत नाही, याची खात्री करून घ्यावी लागे. शेतावर काम करणाऱ्या एका मावशींना पुढे पुढे नुसत्या परागकोशाच्या रंगावरून अंदाज बांधता येऊ लागला. पिवळे आणि भरीव दिसले की त्या हाक मारायच्या आणि सूक्ष्मदर्शक बहुधा त्यांचेच म्हणणे खरे ठरवी.

संकराचे काम सकाळी साधारण नऊ ते अकराच्या दरम्यान उरकावे लागते, कारण भाताचा पराग फुलाबाहेर पडल्यावर अवघी काही मिनिटे जिवंत राहतो. सरदीत नेमक्या फुलोऱ्याच्या वेळी पाऊस येई आणि पराग धुऊन जात. म्हणून महत्त्वाचे संकर मी वायंगणीवर ढकलत गेलो. नरवंध्य रोप राखणाऱ्या वाणापेक्षा दोन-तीन दिवस उशिरा फुलते, त्यामुळे राखणाऱ्या वाणाची पेरणी मागाहून आणि टप्प्याटप्प्याने करणे आवश्यक असते.

परक्या कोशिकाद्रव्याबरोबर त्याचे दोषही येतात. रेपसीड या मोहरीवर्गीय तेलबीत १९६८ साली जपानी मुळ्यात आढळलेले ओगुरा वंध्यत्व आणले, तेव्हा थंडीत पाने पिवळी पडू लागली आणि तो दोष घालवायला फ्रान्समध्ये पेशींचे संमीलन करावे लागले. भातात दोष असा की कणीस शेंड्याच्या पानाच्या वेष्टनातून पुरते बाहेर येत नाही आणि आत अडकलेल्या फुलांपर्यंत वाऱ्यावरचा पराग पोहोचत नाही. यासाठी कणसे निसवू लागताच जिबरेलिक आम्ल हे वाढीचे संप्रेरक फवारतात. ते पाण्यात नीट विरघळत नसल्याने आधी अल्कोहोलमध्ये विरघळवावे लागते. रसायनावर विसंबण्यापेक्षा प्रत्येक पिढीत ज्यांचे कणीस अधिक बाहेर येते अशा रोपांची निवड करणे मला जास्त मोलाचे वाटले, कारण बियाणे घेणाऱ्या लहान शेतकऱ्याला तो खर्च जड जातो.

आता हा वाण बियाणे वाढवण्याच्या टप्प्यावर आहे. गोव्यातील शेते लहान आणि एकमेकांना लागून असल्यामुळे विलगीकरण, म्हणजे शेजारचा परका पराग दूर ठेवणे, अवघड जाते. म्हणून कुळागराच्या (सुपारी-माडांच्या बागेच्या) आडोशाची जागा निवडली असून, शेजारच्या वायंगणीपेक्षा तीन आठवड्यांहून अधिक अंतराने फुलोरा येईल अशी पेरणी ठरवली आहे. दोन ओळी राखणाऱ्या वाणाच्या व सहा ओळी नरवंध्य वाणाच्या अशी लावणी होईल आणि फुलोऱ्यात दोन माणसे दोरी ओढून पराग उडवतील. त्याच हंगामात, चाचणी-संकरात बाजूला काढलेल्या सुपीकता परत आणणाऱ्या स्थानिक भातांशी या वाणाचे पहिले संकर करायचे आहेत.