बारा वर्षांनी

"चल, निसर्ग उद्यानात जाऊन येऊ," असं आईला म्हटलं, तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कुठलं रे?"

"धारावीतलं. डेपोसमोरचं."

"म्हणजे तो उकिरडा? चौऱ्यांशीव्या वर्षी मला उकिरडा दाखवायला नेतोयस?"

आईचं काही चुकलं नव्हतं. आम्ही माहीमच्या चाळीत राहायचो तेव्हा तिथे खरोखरच शहराचा कचरा पडत असे. धारावीच्या अंगाने वारा सुटला की चाळीतल्या बायका खिडक्या लावून घ्यायच्या आणि कुणीतरी "आला गं आला, धारावीचा पाहुणा" असं म्हणायचं. कचरा टाकणं थांबलं १९७७च्या सुमारास. पण आईच्या डोक्यात तो ढीग अजून तसाच होता, वर घारी घिरट्या घालत असलेला.

टॅक्सीवाल्यालाही निसर्ग उद्यान ठाऊक नव्हतं. 'काळा किल्ला' म्हटल्यावर मात्र त्याची मान लगेच हलली. इंग्रजांनी १७३७ साली बांधलेला हा एवढासा किल्ला झोपड्यांच्या गर्दीत कुठे दडलाय ते शोधावं लागतं, पण पत्ता सांगायला तो अजून कामाला येतो.

फाटकातून आत शिरलं आणि दहा पावलांत मागचा हॉर्नचा कालवा पातळ झाला. गेला नाही, मुंबईत तो कुठेच जात नाही. पण भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचा रेडिओ असावा तसा झाला. आई थांबली. वर बघितलं. करंज, कांचन, बेहडा, सगळे एकमेकांत मिसळून उभे. म्हणाली, "हे सगळं कचऱ्यावर?"

मग मी घरून वाचून आलेलं सांगितलं. जागा ३७ एकर. डॉ. सलीम अलींच्या हस्ते इथलं पहिलं झाड लागलं १९८३मध्ये आणि उद्यान लोकांना खुलं झालं १९९४मध्ये. आईने बोटं मोडली. "त्र्याऐंशी ते चौऱ्याण्णव. अकरा." मग हसली. "उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात. इथे एक वर्ष आधीच फिटली की."

मुंबईत मुदतीआधी पुरं झालेलं हे मला माहीत असलेलं एकमेव काम.

झाडांवर नावांच्या पाट्या आहेत. मी पाट्या वाचत होतो, आई झाडं. ती कणकवलीकडची, पाटी यायच्या आधीच तिचं "ही निर्गुडी, हा अडुळसा, हा कुडा" सुरू असायचं. खाली पडलेलं निर्गुडीचं पान तिने उचललं, चुरगाळलं, माझ्या नाकाशी धरलं. "गुडघ्याला हाच शेक द्यायची माझी आजी." पान तोडायला मनाई आहे हे मी सांगितलं, तर "पडलेलं आहे, तोडलं नाही," असं म्हणत तिने ते पदराला बांधलं. कायद्याच्या बाबतीत आईशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

तळ्यापाशी बाक होता, तिथे बसलो. उद्यानात पडणारं पावसाचं पाणी वाया न घालवता या तळ्यात साठवतात आणि झाडांना वापरतात. ऑक्टोबर अखेरीचं ऊन चटका देत होतं, पण पाण्याच्या कडेला सावली होती. समोर काठावर ढोकरी बसली होती. तिला मी आधी मातीचं ढेकूळ समजलो. ढोकरी बसलेली असते तेव्हा तिच्याइतकं कंटाळवाणं काही नाही, आणि उडते तेव्हा अचानक पांढरीशुभ्र पंखं उघडतात, जणू मळक्या कोटाखालून कुणी इस्त्रीचा सदरा दाखवावा. खंड्या एकदा 'किर्रर्र' करत गेला, निळी रेघ ओढून. पलीकडच्या झाडावर तांबट आपला टुक टुक करत होता; कल्हई करणाऱ्याचं काम याने घेतलंय आणि गिऱ्हाईक काही येत नाही, असं आईचं मत.

शाळेची एक सहल आली. तीस-चाळीस मुलं, हातात कागद, त्यावर रिकामे चौकोन. एका मुलाने बाईंना विचारलं, "वाघ कुठे ठेवलाय?" बाई म्हणाल्या, इथे वाघ नसतो. त्याचं तोंड पडलं. तेवढ्यात पाण्यातून एक बारीक वळवळ तिरपी सरकत गेली आणि मुलं एकदम किंचाळली. आई बसल्या जागेवरून म्हणाली, "दिवड आहे रे, चावली तरी मरत नाही कुणी. बेडकं खायला आलीय." मग त्या मुलाने वाघाच्या चौकोनात 'दिवड' लिहिलं. बाईंनी ऱ्हस्व-दीर्घ तपासून दिलं.

पाण्यावर चतुर फिरत होते. शेजारच्या बारक्या, पंख मिटून बसणाऱ्या, त्या टाचण्या. हे दोन शब्द किती नेमके आहेत! चतुराच्या मादीने शेपटी पाण्याला टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. अंडी घालत होती. त्यातून निघणारी पिल्लं पाण्यातच वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात, हे सांगितल्यावर आईच्या नजरेत चतुरांची पत एकदम वाढली. लहानपणी आम्ही त्यांच्या शेपटीला दोरा बांधून उडवायचो. तिने ते काढलंच. "तू तर बारा-बारा बांधायचास."

त्यांच्यात पिवळसर अंगाची एक भटकी जात असते. पाऊस परतला की वाऱ्यावर स्वार होऊन ती समुद्र ओलांडते, पूर्व आफ्रिकेपर्यंत जाते, असं अभ्यासक सांगतात.

"आणि परत?"

"जे जातात ते नाही येत. मिरगाच्या वाऱ्याबरोबर त्यांची नातवंडं-पतवंडं येतात."

आई जरा वेळ पाण्याकडे बघत राहिली. "येतात ना पण? मग झालं."

उद्यानाच्या कडेने मिठी वाहते. तिथे तिवरं आहेत, चिखल आहे, आणि वाऱ्याची दिशा बदलली की जुना 'पाहुणा' थोडा थोडा आठवतो. पलीकडे बांद्रा-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती उन्हात लकाकत होत्या. विहार आणि पवई तलावांचं जास्तीचं पाणी घेऊन ही नदी इथवर येते, म्हणजे उगम अगदी कुलीन. पुढे वाटेत शहराने तिचं काय केलंय ते नाक सांगतं.

परतताना आईने भलताच विषय काढला. "माझी बरणी इथेच असेल."

चिनी मातीची, पिवळी-पांढरी, कैरीच्या लोणच्याची बरणी. १९७४मध्ये मी ती फळीवरून पाडली. तेव्हा आठ वर्षांचा होतो, आणि आज साठीला आलो तरी ती बरणी वर्षातून दोनदा निघते. आमच्या चाळीचा कचरा इथेच यायचा की देवनारला, याचा काही पुरावा नाही. पण आईने ठरवून टाकलं. आणि मग स्वतःच विचार करत म्हणाली, "तसा आपल्याकडून कचरा जायचाच किती रे?" खरंच. रद्दी रद्दीवाल्याकडे. जुनी लुगडी बोहारणीकडे, त्यावर पातेलं. करवंट्या बंबात, राख भांडी घासायला. माशांचे काटे मांजराला. उरायची फुटकी कपबशी, झिजलेली केरसुणी, आणि ती एक बरणी. एवढ्याशा ऐवजावर आपलाही इथे हक्क आहे, असं मला वाटून गेलं. एका कांचनाच्या बुंध्याशी आई थांबली, चपलेने जमीन जरा चाचपली आणि पुढे निघाली.

घरी आल्यावर तिने पदराची गाठ सोडून निर्गुडीचं पान देवाजवळ ठेवलं. संध्याकाळी मी कचऱ्याच्या दोन बादल्या, ओली आणि सुकी, दाराबाहेर ठेवत होतो. सुकी बादली काठोकाठ. मागवलेल्या जेवणाचे डबे, पिशव्या, खोकी. आई दारात येऊन बघत राहिली.

"हे आता कुठे जातं?"

"कांजूरला. नाहीतर देवनारला."

"देवनार अजून आहे?"

"१९२७ पासून आहे."

तिने पुन्हा बोटं मोडायला सुरुवात केली, मध्येच सोडून दिली. "बंद झालं की सांग," म्हणाली. "बारा वर्षांनी जाऊन येऊ."