बाबांचा लॅपटॉप, मामाचं सिम आणि चतुर्थीची सुट्टी

आधीच सांगते, मोबाइल कंपनीच्या काउंटरवरच्या त्या मुलीने सिम हातात देताना "मॅडम, उद्या याच वेळेपर्यंत मेसेज येणार नाहीत हां" एवढं जरी म्हटलं असतं तरी मी हे लिहायला बसले नसते. बाकी सगळं मी कधीच विसरून गेले असते.

तर झालं असं. आमचे बाबा निवृत्त मराठी शिक्षक, गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या गावात जत्रेला जे नाटक होतं त्याची संहिता गेली कित्येक वर्षं तेच लिहितात किंवा जुनी असली तर सुधारतात. हल्ली सगळं लॅपटॉपवर. चतुर्थी झाली की देवळाच्या सभागृहात तालमी सुरू होतात, त्यामुळे चतुर्थीच्या आधी प्रती काढून वाटायच्या असतात. आणि नेमकं तेव्हाच एका सकाळी लॅपटॉपने पिन घ्यायचा बंद केला. काहीतरी झालंय, तुमचा पिन उपलब्ध नाही, पुन्हा सेट करा, असा निरोप स्क्रीनवर. सेट करा वर क्लिक केलं तर तो पासवर्ड मागतो. कसला पासवर्ड? बाबांना आयुष्यात तो पासवर्ड टाकायची वेळच आली नव्हती, लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने अकाउंट उघडून चार आकडी पिन लावून दिला, बाबा तेव्हापासून पिनवरच.

इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण आमच्या घरात ती कोणालाच माहीत नव्हती. पिन आणि पासवर्ड हे एक नव्हे. पिन फक्त त्या एका मशीनपुरता असतो, त्याच्यातच राहतो. पासवर्ड असतो मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा आणि तो त्यांच्याकडे ऑनलाइन असतो. पिन गेला की पासवर्डने नवा पिन करता येतो, पासवर्ड गेला की मात्र अकाउंट बनवताना जो फोन नंबर किंवा ईमेल दिला असेल त्याच्यावर कोड येणार, तो टाकून नवा पासवर्ड. सोपं आहे. तो नंबर चालू असेल तर.

शेजारचा एक मुलगा म्हणाला काकी काय टेन्शन घेता, बाजारात अमक्याकडे न्या, पेनड्राइव्ह लावून पाच मिनिटांत उघडतो. नेलं. त्या माणसाबद्दल माझी तक्रार नाही, त्याने पैसेही घेतले नाहीत. जुन्या मशीनवर चालतं ते, म्हणाला, मशीन पेनड्राइव्हवरून सुरू (बूट) करायचं आणि विंडोजच्या फायलींत थोडी अदलाबदल करून पासवर्ड बदलायचा. पण आमच्या लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्याच कुलपाने, एनक्रिप्ट झालेली, आम्ही काही न करता. पेनड्राइव्हवरून गेलं की ती ४८ आकड्यांची रिकव्हरी की, म्हणजे त्या कुलपाची चावी, मागते. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की हे आपोआप चालू होतं, आणि २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ नव्याने टाकलं तर अजून जास्त मशीनवर होतं. चोराने लॅपटॉप पळवला तर डिस्कमधलं काही वाचता येऊ नये म्हणून ते असतं, त्यामुळे ते वाईट आहे असं मी म्हणणार नाही. आता ती की कुठे? तर त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह झालेली. म्हणजे तिजोरीची चावी तिजोरीत. तो म्हणाला फॉरमॅट मारून देतो, सगळं नवीन होईल. संहिता? ती जाणार. बाबांचा चेहरा बघून मी लॅपटॉप पिशवीत घातला.

घरी येऊन माझ्या फोनवरून पासवर्ड रिसेटचं पान उघडलं. ईमेल आयडी दुकानवाल्या मुलाने बिलाच्या मागे पेनने लिहून ठेवला होता, देव त्याचं भलं करो. आयडी टाकला तर कोड पाठवायला एकच फोन नंबर, शेवटचे दोन आकडे दिसत होते, त्यावरून आईने लगेच ओळखला. तिच्या जुन्या बटणवाल्या फोनचा. नंबर जिवंत होता, गॅसला आणि बँकेला तोच दिलेला म्हणून ती रिचार्ज न चुकता करायची, पण सिम फोनमध्ये घातलं की "सिम घाला" असंच दाखवायचं. माझ्या फोनमध्ये घातलं तरी तेच. सिम मेलेलं.

आता कोणी म्हणेल, नंबर नसेल तर तिथे दुसरा पर्याय असतो की. असतो, रिकव्हरीचा फॉर्म. त्यात विचारतात जुने पासवर्ड, पाठवलेल्या मेलचे विषय, कोणाला मेल पाठवले त्यांचे पत्ते वगैरे. ज्या अकाउंटवरून एकही मेल कधी गेला नाही त्यात भरणार काय? नाव आणि जन्मतारीख भरली, उत्तर एका दिवसाच्या आत आलं, माहिती पुरेशी नाही. अकाउंट मेलसाठी वापरत असाल तर मात्र हा फॉर्म नीट वेळ काढून भरा, आणि शक्यतो घरच्याच वायफायवरून भरा. टू-स्टेप, म्हणजे पासवर्डच्या जोडीला कोडही लागेल अशी सोय, चालू केलेली असेल तर हा फॉर्म चालत नाही, तेही लक्षात असू द्या.

म्हणून मोर्चा मोबाइल कंपनीच्या गॅलरीत. कंपनीचं नाव घेत नाही. चतुर्थीचे आधीचे दिवस, बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या छताचं, सामान, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही, गाडी लांब लावून आईला चालवत आणलं. टोकन घेतलं, बसलो. नंबर आला तेव्हा कळलं की सिम आईच्या नावावर नाहीच. मामाच्या नावावर! फार पूर्वी त्याने स्वतःच्या कागदांवर काढून बहिणीला दिलेलं. आणि मामा बोटीवर.

गोव्यातल्या लोकांना बोटीवर म्हणजे काय ते सांगायला नको. क्रूझवर किचनला, सहा-आठ महिने पत्ता नाही. मी म्हटलं हा त्याच्या आधारचा फोटो, हवा तर व्हिडिओ कॉल लावते. नाही मॅडम, ज्याच्या नावावर आहे तो स्वतः पाहिजे. खरं सांगायचं तर हा नियम बरोबर आहे, माझ्या नावाचं सिम उद्या कोणी माझ्या आधारचा फोटो दाखवून काढलं तर मीच बोंब मारीन. पण तिथे उभी असताना तसं वाटत नव्हतं.

नशीब एवढंच की मामा चतुर्थीला येणार होता. तो आला, आरत्या झाल्या, गणपती पोचवले, आणि गॅलरी बंद. चतुर्थीची सुट्टी, मग दुसऱ्या दिवसाची सुट्टी, मग रविवार. बाबा रोज विचारायचे, उघडली काय गो? जुनी एक छापील प्रत मिळाली तिच्यावर पेनने दुरुस्त्या करत बसले, दोन प्रवेश त्यांनी आठवून परत लिहून काढले. तिकडे नाटकात काम करणारी पोरं फोन करून विचारतायत, सर आमचे संवाद कधी मिळतील.

शेवटी एकदाची गॅलरी उघडली आणि मी मामाला घेऊन हजर. परत टोकन. मशीनवर अंगठा लावला, जुळला नाही. दुसऱ्या बोटाचा जुळला नाही. किचनमध्ये इतकी वर्षं काम केलेली बोटं, रेषा राहिल्यात कुठे. मामा म्हणाला हातच कापून ठेव इथे. मग रुमाल ओला करून, पुसून, शेवटी एका बोटाचा लागला. फोटो काढला, सही झाली, नवीन सिम मिळालं. थोड्या वेळात चालू होईल, काउंटरवरची मुलगी म्हणाली. झालंही. आईने मामाला तिथल्या तिथे फोन लावून बघितला, रिंग वाजली, आम्ही खूश होऊन घरी.

घरी आल्या आल्या कोड मागवला. येईना. फोन बंद करून चालू केला. येईना. सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं. येईना. फोन लागतोय, रेंज आहे, मेसेज तेवढा नाही. एव्हाना मामा म्हणायला लागला की मायक्रोसॉफ्टवाले पाठवतच नसतील, आणि तो बटण दाबत सुटला. तर पलीकडून निरोप की आज फार वेळा कोड मागितलात, उद्या प्रयत्न करा. मी कस्टमर केअरला फोन लावला, एक दाबा, दोन दाबा, गाणं ऐका, आणि शेवटी एक माणूस शांतपणे म्हणाला, मॅडम सिम बदललंय ना, मग चोवीस तास एसएमएस बंद असतात, येणारेही आणि जाणारेही.

नियम आहे हा, सगळ्या कंपन्यांना. दूरसंचार खात्याने २०२२ च्या शेवटी आणलेला, कारण कोणी तुमच्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढून बँकेचा ओटीपी पळवू नये. चांगला नियम आहे. पण मग तो काउंटरवर सांगा ना! भिंतीवर एवढ्या रिचार्जच्या जाहिराती, त्यात एक कागद लावायला काय होतं? जो माणूस मेलेलं सिम बदलायला धडपडत येतो तो नव्वद टक्के ओटीपीसाठीच येत असणार. मी केअरवाल्या माणसाला हे सगळं सांगितलं, तो म्हणाला आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे, अजून काही मदत करू का.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसलो. एकदाच कोड मागवला, मामाला फोनपासून लांब बसवलं. टुण्ण करून आला. नवा पासवर्ड झाला. लॅपटॉपवर टाकला तर चुकीचा म्हणे. छाती धडधडली, पण ते सोपं निघालं. नवीन पासवर्ड लॅपटॉपला कळायला त्याला इंटरनेट लागतं, आणि नेमकी लाईट गेल्यामुळे राउटर बंद. लॉगिन स्क्रीनवरच खाली उजव्या कोपऱ्यात वायफायचं चिन्ह असतं, तिथून माझ्या फोनचा हॉटस्पॉट जोडला, पासवर्ड टाकला, उघडला. बाबांनी सगळ्यात आधी फाइल उघडून तिसरा अंक आहे का ते बघितलं. होता.

मी सगळ्यात आधी अकाउंटमध्ये जाऊन ती ४८ आकडी की काढली आणि कागदावर उतरवली, मग माझा नंबर आणि माझा ईमेल दोन्ही तिथे जोडले. जुना नंबर हातात असताना नवीन जोडा, हे महत्त्वाचं, कारण जुना काहीच हातात नसताना सगळी माहिती एकदम बदलायला गेलात तर तीस दिवस थांबावं लागतं. आमचं सिम मिळालंच नसतं तर शेवटी फॉरमॅटच, आणि संहितेला रामराम. आता फाइल माझ्या ईमेलवर आणि एका पेनड्राइव्हवर पण असते.

अजून एक राहिलं, हे खरं तर पहिलं करायला हवं. मराठी टायपिंग करणाऱ्यांनी पासवर्ड चुकतोय वाटलं तर आधी लॉगिन स्क्रीनच्या खाली भाषा बघावी. मराठी कीबोर्ड निवडलेला राहिला तर बरोबर पासवर्डसुद्धा चुकीचा जातो. पासवर्डच्या रकान्यात डोळ्याचं चिन्ह असतं, ते दाबलं की टाइप केलेलं दिसतं. आणि ज्यांचं अकाउंट मायक्रोसॉफ्टचं नाही, नुसतं त्या मशीनवरचं लोकल आहे, त्यांना हा सिमचा वनवासच नाही. चुकीचा पासवर्ड टाकला की खाली रिसेटचा पर्याय येतो आणि तीन प्रश्नांची उत्तरं मागतो, विंडोज १० च्या २०१८ च्या अपडेटपासून ही सोय आहे, अर्थात ते प्रश्न आधी भरून ठेवलेले असले तर.

सिम अजून मामाच्याच नावावर आहे. आईच्या नावावर करायचं तर दोघांनी एकत्र जायला हवं असं गॅलरीत सांगितलं, आणि मामाची बोट पुढच्या आठवड्यात. मी त्याला म्हटलं चल उद्या सकाळीच जाऊ. मामा म्हणतो, "अंगठा परत लावायचा असेल तर मी येत नाही गो."