आमची वाटचाल: डोंग्यापासून बोटीतल्या संडासापर्यंत

वैनगंगेच्या काठी डोंगे, म्हणजे लाकडी होड्या, दुरुस्त करायचं काम आमच्या घरात वडिलांपासूनचं. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं, पुढे पाणी अडलं आणि जलाशय पसरला. लाकडाची जागा फायबरने घेतली, फिरायला नेणाऱ्या बोटीही आमच्याकडे दुरुस्तीला येऊ लागल्या.

संडास बसवायला लागलो ते बायांमुळे. बोटीत जायचं म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट न घेतलेल्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. भर उन्हाळ्यात, आपल्या विदर्भात! हे आम्हाला बघवेना.

गिऱ्हाइकाला पहिली गोष्ट सांगतो: मैला पाण्यात सोडणारा पाइप आम्ही लावत नाही. समुद्रावरच्या बोटींत तशी सोय असते. इथे त्याच पाण्यावर मासेमारी चालते, गावांचे नळ चालतात; १९७४ चा जलप्रदूषण कायदाही आहेच. म्हणजे कमोडमागे बंद टाकी आली.

बोट सहा-सात जणांचीच असेल तर उचलून नेता येणारा पोर्टेबल संडास पुरतो, आणि तसं स्पष्ट सांगतो. मोठ्या बोटीला हातपंपाचा. त्याला बॅटरी लागत नाही, पान्याने खोलता येतो. खटका एका बाजूला केला की फ्लशचं पाणी येतं, दुसऱ्या बाजूला केला की नुसता उपसा होतो. शेवटी नुसत्या उपशावर पंप मारून पाइप रिकामा करायचा, हे बजावून सांगतो. पाइपात घाण राहिली की वास सुटतो.

कमोड पाण्याच्या पातळीखाली असेल, तर फ्लशचं पाणी पंपातून कमोडात नेणाऱ्या पाइपाला पातळीच्या वर कमान आणि तिच्या माथ्यावर हवेचा व्हॉल्व्ह हवाच. नाहीतर पाणी आपोआप आत ओढलं जातं, बोट बुडू शकते. आम्ही तर बाहेरचं पाणी घ्यायला बोटीला शक्यतो भोकच पाडत नाही, फ्लशला वेगळी कॅन ठेवतो. मैल्याचा पाइप ३८ मिलिमीटरचा, याच कामाचा जाड; साध्या पाइपातून वास झिरपतो. टोकांना स्टीलच्या दोन-दोन क्लिपा. ४० लिटरची टाकी भरली की ४० किलोंहून जड, म्हणून ती तळाशी, मध्यावर. तिची हवेची नळी बोटीबाहेर काढतो.

घरच्यासारखं ॲसिड टाकू नका, पंपातलं रबर खराब होतं. मैला मागे येऊ न देणारा रबरी जोकर व्हॉल्व्ह झिजतो. एक जादा सोबत देतो.

बोट लागते तिथे टाकी रिकामी करायला सेप्टिक टँक नसेल, तर आधी तो बांधायला लावतो. कमोड त्यानंतर.